भिंगवाल्यांचं दुसरं शहर

चौकातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चष्म्यांचं एक दुकान आहे. दुकान अरुंद आहे पण खोल आहे, बोगद्यात शिरावं तसं आत जावं लागतं. पुढच्या भागात काचेची कपाटं, आणि त्यांत ओळीनं मांडलेल्या फ्रेमा. पाहणाऱ्याला वाटावं, गावातली माणसं आपापले चेहरे घरी ठेवून नुसते चष्मेच इथे पाठवून बसली आहेत. मागे पडदा. पडद्याआड उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर खाली उतरता उतरता बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि बाजूला मखमली खाचांची भिंगांची पेटी. त्या पडद्याआड जो माणूस उभा असतो त्याला सगळा रस्ता भिंगवाले म्हणतो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पाटीचा रंग उडाला, आणि चष्म्याच्या दुकानाचीच पाटी वाचता येत नाही हा विनोद लोकांना इतका आवडला, की ती पुन्हा रंगवायला कोणी राजीच होईना.

भिंगवाल्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. जड, वाटोळी, तपासणीची फ्रेम माणसाच्या नाकावर ठेवायची, तिच्या खाचेत एक भिंग सरकवायचं, मग ते काढून दुसरं सरकवायचं, आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" माणूस उत्तर देईपर्यंत ते थांबत. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहावी तसे थांबत. पुन्हा भिंग, पुन्हा प्रश्न. अशा एकेका पावलानं त्यांनी निम्म्या गावाला धुक्यातून बाहेर आणलं होतं.

त्यांची एक खोडीही होती, पण ती धंद्यातली खोडी. तपासता तपासता मधेच ते एक भिंग काढत, पेटीच्या कडेवर खुट्ट वाजवत, आणि तेच भिंग परत घालत. "आता दुसरं. बरं वाटतं का?" खरं पाहणारा माणूस गोंधळून म्हणे, "सारखंच आहे की." पण काही जण छातीठोकपणे सांगत, "हे कितीतरी बरं." अशा माणसाचं उत्तर भिंगवाले मनावर घेत नसत. "हा अक्षरं बघत नाही," ते म्हणत, "हा मला खूश करतोय." मग त्याची तपासणी नव्यानं सुरू.

पडद्यापुढे त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत, लहान मुलंसुद्धा. डोळ्यांचा नंबर त्यांचा आणि चेहरा वहिनींचा, अशी दुकानाची वाटणी. माणूस पडद्यातून बाहेर आला की वहिनी एकदा मान वर करून त्याच्याकडे बघत, कपाटातून तीन फ्रेमा काढत आणि काउंटरवर ठेवत. तीनच. कोणी चौथी मागितली तर म्हणत, "चौथीनं तुमचं नाक बदलणार नाही." आणि गंमत अशी, की माणूस त्या तिनांतलीच एक घालून घरी जाई, आणि घरचे म्हणत, आता कसा माणसात आल्यासारखा दिसतोस.

घरातही तीच वाटणी होती. विचारायचं भिंगवाल्यांनी, ठरवायचं वहिनींनी. भिंतींना रंग कोणता, लेकीला शाळा कुठली, म्हातारपणी दात काढून टाकायचे की राखायचे, सगळं असंच झालं आणि बरं झालं. घोडं अडलं ते फ्रान्सपाशी.

लेक मोठ्या शहरात नोकरीला आहे. तिच्या जन्मापासून आईबाबांनी दुकान बंद ठेवून कधी चार दिवस कुठे काढले नाहीत, ही तिच्या मनातली जुनी ठसठस. तिनं परस्पर पॅरिसची तिकिटं काढली, एका जुन्या इमारतीत आठवडाभराची खोली घेतली, आणि मग फोन केला.

"बाबा, आता एकच ठरवायचंय. सगळे दिवस पॅरिसला काढायचे, की शेवटचे दिवस ल्यों शहरात? वेगवान गाडी आहे, दोनेक तासांत पोचाल. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा. मग खोली बदलता येणार नाही."

"आईला विचार," भिंगवाले म्हणाले.

"आईला विचारलं. ती म्हणाली, बाबांना विचार."

भिंगवाल्यांनी फोन खाली ठेवला आणि काउंटरकडे बघितलं. वहिनी एका फ्रेमेची काडी वाकवत होत्या.

"अगं, तू ठरव ना."

"सहलीचं मी ठरवणार नाही."

"का?"

"समुद्र," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा काडी वाकवू लागल्या.

त्याची कथा अशी. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी वहिनींनी समुद्रकाठचं एक गाव निवडलं होतं. दोघं हौसेनं गेले. तिथल्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे जाई, की यांच्या खिडकीतून दिवसभर नुसता चिखल दिसला आणि त्यात चालणारे खेकडे. भरती येई ती पहाटे, ही दोघं झोपलेली असताना, आणि मग दिवेलागणीनंतर, अंधारात. परतल्यावर भिंगवाल्यांनी ही हकिकत खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला सांगितली. "आम्ही गेलो, पण समुद्र घरी नव्हता." माणसं हसत, फ्रेम नाकावरून घसरे, आणि पडद्यापलीकडे वहिनी मुकाट्यानं काचा पुसत ऐकत. वर्षानुवर्षं ऐकत. शेवटी त्यांनी कानाला खडा लावला. बाकी जगाचं त्या ठरवतील, सहलीचं नाही.

पण मन काही कानाला खडा लावत नाही. वहिनींना काय हवं होतं ते वाचणाऱ्यानं जाणून असावं, कारण भिंगवाल्यांना ते ठाऊक नव्हतं. लेकीनं खोलीचं चित्र पाठवलं होतं. तिसरा मजला, उंच खिडकी, तिला लोखंडी नक्षीचा कठडा, खाली दगडी गल्ली आणि समोर पावाचं दुकान. वहिनींनी ते चित्र कितीदा तरी उघडून पाहिलं. त्यांच्या घराच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत होती. दुकानाच्या काचेसमोर फ्रेमांची कपाटं होती, आणि त्यांच्या फटीतून दिसणारा रस्ता बघायला जरा मान वळवावी, तोच कोणी म्हणे, "वहिनी, हे जरा सैल होतंय." त्यांना एक खिडकी हवी होती. तिच्यात बसायचं. पहिल्या दिवशी परकी दिसलेली माणसं चौथ्या दिवशी ओळखीची व्हायला हवी होती. कोण कुठल्या हातात छत्री धरतं, कोण पाव घेऊन निघतानाच टोक मोडून खातं, ते बघायचं. आणि त्यासाठी मुक्काम एकच हवा. मधेच बोचकं बांधून उठायचं असेल, तर ती खिडकी स्टेशनावरचं बाकडं होणार.

भिंगवाल्यांच्या मनात ल्यों शिरलं त्याला कारण साडू.

साडू, म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पूर्वी युरोप करून आले होते. आठ दिवसांत पाच शहरं. कुठेही चार माणसं जमली, की साडू उजव्या हाताची पाचही बोटं उघडत आणि एकेक बोट मिटत शहरं सांगत. अंगठ्यापाशी यायच्या आत कोणी उठून गेलं, तर पुन्हा करंगळीपासून. भिंगवाल्यांनी फोनवर त्यांना पॅरिसचं सांगितलं ते थोडं मिरवायलाच.

"एकच शहर?" साडू म्हणाले.

"आठवडाभर."

"आठवडाभर एकाच शहरात म्हणजे तिथे नोकरी लागल्यासारखंच झालं की. अहो, आम्ही पाच केली."

"ठाऊक आहे," भिंगवाले म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्यात ल्यों होतं का?"

पलीकडे बोटं पुन्हा एकदा मिटली गेली असावीत.

"ल्यों," साडू म्हणाले. "ल्यों वाटेत नव्हतं."

त्या क्षणापासून ल्यों भिंगवाल्यांना जगातलं सगळ्यात देखणं शहर वाटू लागलं. तिथे काय आहे हे त्यांना नीट माहीत नव्हतं. तिथे साडू गेले नव्हते, एवढं बस होतं. पण त्यांचा स्वभाव विचारणाऱ्याचा. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्यानं टोपीसुद्धा घेतलेली नव्हती. तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली.

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई खुर्चीत होत्या.

"बाई, पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं."

"आणि फ्रान्समध्ये? एक शहर, की दोन?"

"दोन," बाई ताबडतोब म्हणाल्या. "ल्योंला दोन नद्या भेटतात. पाहायलाच हवं."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी शिकवलंय."

भिंगवाल्यांना हे पटलं. पण दुपारी बसचा ड्रायव्हर आला. जाडजूड माणूस, गळ्यात रुमाल, जवळचं वाचताना कागद हातभर लांब धरणारा. त्यानं फ्रेमेतून छताकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"मी रोज दोन शहरं करतो," तो म्हणाला. "सकाळी हे, संध्याकाळी ते. दोन्हीतलं काही सांगता येत नाही मला. मधला रस्ता विचारा, खड्ड्यासकट सांगतो."

"म्हणजे एकच बरं?"

"तसं कुठे म्हणालो. मला कोणी एकाच शहरात आठवडाभर ठेवलं, तर मी झोपेन. पण तुम्ही बॅगा भरणार, उतरवणार, खोली शोधणार. त्यात दिवस जातो. ते पाहुण्यांना कळत नाही, ड्रायव्हरला कळतं." मग तो पडद्याकडे मान वळवून म्हणाला, "वहिनींना काय हवंय?"

पडद्यापलीकडून आवाज आला, "वहिनींना हे कळायला हवंय, की आत तुमचा नंबर काढतायत की फ्रान्सचा. बाहेर माणसं खोळंबलीत."

आठवडाभर असंच चाललं. ज्याच्या नाकावर फ्रेम बसली, त्याच्यापुढे फ्रान्स आला. कोणी एक म्हणालं, कोणी दोन. भिंगवाले सगळ्यांचं ऐकत आणि संध्याकाळी कुलूप लावताना होते तिथेच असत. मात्र बोलण्यात ते हळूहळू ल्योंकडे झुकत होते, आणि वहिनींना ते ऐकू येत होतं. लेकीनं पाठवलेलं चित्र त्यांनी त्या दिवसांत फारसं उघडलं नाही. जे मिळणार नाही, ते फार वेळ बघत बसू नये, असं त्यांचं असे. दुकानातल्या न परवडणाऱ्या फ्रेमांविषयीही त्या गिऱ्हाइकांना हेच सांगत.

रविवारी दुकान बंद असतं. दोघं दुपारी झाडलोट करायला आले. समोरच्या घरांवरून उतरलेलं ऊन दुकानात कपाटांपर्यंत आलं होतं आणि फ्रेमांच्या सावल्या जमिनीवर मोठ्या मोठ्या पडल्या होत्या.

"संध्याकाळी सांगायचंय लेकीला," भिंगवाले म्हणाले. "मला वाटतं, दोन करावीत."

"वाटतं, की दिसतं?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"बसा."

"कुठे?"

"खुर्चीत. इतक्या लोकांना बसवलंत, एकदा स्वतः बसा."

भिंगवाले हसत बसले. वहिनींनी तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, सवयीच्या हातानं काड्या कानांमागे नेल्या, आणि दोन्ही खाचांत काळ्या चकत्या सरकवल्या. एक डोळा झाकून दुसरा तपासायचा असतो तेव्हा वापरतात त्या.

"अगं, दोन्ही डोळे झाकलेस. काही दिसत नाही."

"बघायचं नाहीये. ऐकायचंय. आणि विचार करून नका सांगू, जे वाटेल ते पटकन सांगा." त्या पेटीजवळ उभ्या राहिल्या. "पहिलं. सकाळ आहे. तुम्हाला जाग आली. कुठे जायची घाई नाही. खालून पाव भाजल्याचा वास येतोय. आपण पायऱ्या उतरून कोपऱ्यावर गेलो. तिथे बाक आहे, त्यावर बसलो. समोर नदी."

पेटीच्या कडेवर खुट्ट वाजलं.

"दुसरं. सकाळ आहे. जाग आली. घाई नाही. पाव भाजल्याचा वास. पायऱ्या उतरलो. कोपऱ्यावर बाक, बसलो. समोर नदी. कोणतं बरं?"

"दुसरं," भिंगवाले म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. दुसऱ्यात जरा मोकळं वाटतं. हवाच वेगळी आहे."

"अजून काय वेगळं आहे?"

"नदी रुंद आहे. आणि गर्दी नाही. पहिल्यात गर्दी फार."

वहिनींनी पेटीच्या कडेवर पुन्हा खुट्ट वाजवलं. तो आवाज भिंगवाल्यांच्या ओळखीचा होता. मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि त्यांनी एक चकती काढली. एका डोळ्यानं त्यांनी बायकोकडे बघितलं.

"तेच घातलंस?"

"तेच. दोन्ही वेळा पॅरिस."

"शब्दसुद्धा बदलला नाहीस."

"नदी रुंद तुम्ही केलीत," वहिनी म्हणाल्या. "मी फक्त नदी ठेवली होती."

भिंगवाल्यांनी दुसरी चकतीही काढली. त्यांचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा झाला होता, आणि आतून कुठेतरी त्यांना अभिमानही वाटत होता. इतका बेमालूम हात त्यांच्या स्वतःच्या खोडीलाही कधी साधला नव्हता.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या. "अक्षरं तर तुम्ही बघत नव्हतात. मग खूश कोणाला करत होतात?"

बाहेरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"तुझ्या भाऊजींना," भिंगवाले म्हणाले.

वहिनींना हसू आवरेना. त्या पेटीवर हात टेकून हसल्या, पदराआड नाही, चांगलं मोकळं हसल्या, आणि ते बघून भिंगवालेही हसू लागले. त्यांच्या नाकावरची रिकामी फ्रेम हलत राहिली. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तुला काय हवंय?"

"मी ठरवणार नाही म्हटलंय."

"ठरवू नकोस. तुला काय दिसतं, तेवढं सांग."

हा प्रश्न त्यांनी हजारोंना विचारला होता, पण बायकोला पहिल्यांदाच. वहिनींनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बघितलं, सगळ्यात खालच्या ओळीकडे, जी कोणालाच धड वाचता येत नाही.

"खिडकी," त्या म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या. कठडा, गल्ली, पावाचं दुकान, चौथ्या दिवशी ओळखीची होणारी माणसं. इतकं सलग त्या दुकानात कधी बोलल्या नव्हत्या, कारण दुकानात कोणी त्यांना इतकं सलग बोलूच देत नसे. भिंगवाले ऐकत होते. मधे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आणि तिथेही चिखल निघाला असता तर?"

भिंगवाले खाली बघू लागले. "समुद्राचं पुन्हा कोणाला सांगणार नाही."

"सांगा की. चांगली गोष्ट आहे. फक्त मी पडद्यापलीकडे असताना नका सांगू."

संध्याकाळी भिंगवाल्यांनी लेकीला फोन लावला.

"पॅरिस. सगळे दिवस."

"आईनं ठरवलं ना?"

"मी ठरवलं."

"बाबा."

"तिनं फक्त तपासलं," भिंगवाले म्हणाले.

साडूंनाही कळवावं लागलं. "एकच?" ते म्हणाले, आणि "अरेरे" असं इतक्या समाधानानं म्हणाले, की भिंगवाल्यांना वाटलं, ही सहल निदान एका माणसाला तरी आताच पावली.

पॅरिसची खोली चित्रातल्यासारखीच निघाली, फक्त जिना चित्रात नव्हता. पहिले दिवस भिंगवाल्यांच्या पद्धतीनं गेले. मनोरा पाहिला, मोठाली चित्रं पाहिली, पूल ओलांडले. पण दुपार कलली, की वहिनी खोलीवर येत आणि खिडकीत बसत. तिथल्या दोन खुर्च्यांतली एक त्यांची झाली, दुसरीवर त्यांचा स्वेटर. थोड्याच दिवसांत त्यांना पाववालीचा राग कोणावर आहे ते कळलं. समोरच्या घरातला म्हातारा पायऱ्यांशी आला, की आपल्या लठ्ठ कुत्र्याला उचलून वर नेतो, हेही कळलं. कुत्रा धडधाकट होता. त्याला फक्त पायऱ्या आवडत नव्हत्या.

भिंगवाल्यांचं मात्र पाचव्या दिवसापासून चित्त लागेना. गल्लीतल्या सगळ्या पाट्या त्यांनी वाचून संपवल्या, न कळणाऱ्यासुद्धा. ते वहिनींच्या मागे उभे राहत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

"अगं, ती गाडी. सकाळी गेलं तर संध्याकाळी परत येता येतं म्हणे."

"मी येणार नाही."

"तू ये असं कुठे म्हणालो?"

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. खुर्चीतून उठलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत तसंच, एकदाच.

"जा की मग. मी इथे आहे."

भिंगवाले कामाशिवाय एकटे कुठे गेलेले नव्हते. कोणाला न विचारता तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी इतकी वेगात पळाली, की खिडकीतलं काही बघायच्या आत मागे पडत होतं. ल्योंला उतरून ते विचारत विचारत नदीपाशी गेले. एक नदी सापडली. दुसरी कुठेतरी पुढे होती. मधे एका बाकावर एक माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरून डोळे बारीक करत बसला होता. भिंगवाल्यांच्यानं ते बघवेना. त्यांनी आपला वाचायचा चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. माणूस आधी दचकला. मग त्यानं चष्मा घातला, आणि वर्तमानपत्र हळूहळू जवळ येत पोटापाशी आलं. त्यानं भिंगवाल्यांकडे असं बघितलं, जणू कोणी घराची हरवलेली किल्ली आणून दिली. खिशात दुसरा चष्मा होता, तोही घालून पाहणं झालं. पहिला, दुसरा, बोटं दाखवून. पहिला बरा ठरला. तो त्याच्याच नाकावर ठेवून भिंगवाले उठले, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. दोन नद्या भेटतात ती जागा राहूनच गेली.

संध्याकाळी जिना चढताना त्यांनी मनात सगळं नीट जुळवलं. गाडी, बाक, वर्तमानपत्र, आणि साडूंना काय सांगायचं, तेही. दार उघडून ते बोलणार, इतक्यात खिडकीतून वहिनींनी मागे न बघताच हात वर केला.

"थांबा. आता येईल तो."

भिंगवाले दाराशीच थांबले. खाली गल्लीत म्हातारा पायऱ्यांपाशी आला. त्यानं कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्यानं त्याच्याकडे बघितलं, आणि म्हातारा सरळ पायरीवर बसला.

"आज दमलाय," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून तिसरी खेप आहे. मधे तर दोघांचं चांगलंच बिनसलं होतं."

त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचा स्वेटर उचलून मांडीवर घेतला. भिंगवाल्यांनी बूट काढले, खुर्ची कठड्याजवळ ओढली आणि टेकले.

"बिनसलं कशावरून?" ते म्हणाले. "सगळं सांग."